न आलेल्या पैशावरचा कर

करविषयक निकाल कुणी हौसेने वाचत नाही. सीए वाचतात ते अशिलाला काय सांगायचे ते ठरवायला, वकील वाचतात ते पुढच्या तारखेला कोणता परिच्छेद पुढे करायचा ते शोधायला. त्यामुळे या निकालांची भाषा, मांडणी, युक्तिवादाची चाल यांबद्दल चर्चा होत नाही. कोण जिंकले आणि किती कोटी, एवढेच विचारले जाते. मुंबई उच्च न्यायालयाचा १० ऑक्टोबर २०१४ चा ‘व्होडाफोन इंडिया सर्व्हिसेस विरुद्ध भारत सरकार’ हा निकालही असाच कोटींच्या बातमीत हरवला. मुख्य न्यायमूर्ती मोहित शहा आणि न्यायमूर्ती एम. एस. संकलेचा यांच्या खंडपीठाचा हा निकाल. तो मला आवडतो, पण त्याचे कारण रकमेत नाही. खाते किमतीवर भांडायची शिदोरी बांधून बसले होते, आणि या निकालाने ती सोडूच दिली नाही.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. व्होडाफोन आणि प्राप्तिकर ही नावे एकत्र आली की लोकांना हचिसनचा सौदा आठवतो. २००७ साली सुमारे ११ अब्ज डॉलरला हचिसनचा भारतातला मोबाइल व्यवसाय व्होडाफोनने घेतला, तोही केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर विकत घेऊन. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये निकाल व्होडाफोनच्या बाजूने दिला आणि सरकारने त्याच वर्षी पूर्वलक्षी दुरुस्ती केली. ते प्रकरण निराळे. त्याच्यावर पुस्तके निघाली. आपल्या प्रकरणात तसे नाट्य काहीच नाही. एका भारतीय कंपनीला पैसे हवे होते आणि ते तिने आपल्या मालकाकडून घेतले, इतकेच.

व्होडाफोन इंडिया सर्व्हिसेस ही मॉरिशसच्या ‘व्होडाफोन टेली-सर्व्हिसेस (इंडिया) होल्डिंग्ज’ या कंपनीच्या संपूर्ण मालकीची. २१ ऑगस्ट २००८ रोजी तिने या मालक कंपनीला २,८९,२२४ नवे शेअर दिले. शेअरची दर्शनी किंमत १० रुपये, वर प्रीमियम ८,५०९ रुपये. एकूण सुमारे २४६ कोटी रुपये भारतात आले. ही ८,५१९ रुपयांची किंमत कंपनीने मनाने लावलेली नव्हती. १९४७ च्या कॅपिटल इश्यूज कंट्रोल कायद्याखाली सरकारने घालून दिलेल्या पद्धतीने ती काढली होती. गंमत म्हणजे तो कायदा १९९२ मध्येच रद्द झाला होता. लायसन्स-परमिटच्या काळातले ते सूत्र मात्र परकीय चलनाच्या नियमांत २०१० पर्यंत टिकून राहिले, कारण परदेशी माणसाला शेअर किमान कितीला द्यायचा हे ठरवायला रिझर्व्ह बँकेला कोणते तरी सूत्र हवेच होते.

प्राप्तिकर खात्याच्या ट्रान्स्फर प्रायसिंग अधिकाऱ्याने, म्हणजे या धंद्यातल्या बोलीत टीपीओने, जानेवारी २०१३ मध्ये वेगळा हिशेब मांडला. शेअरची खरी किंमत ५३,७७५ रुपये. म्हणजे दर शेअरमागे ४५,२५६ रुपये कमी घेतले. त्याला २,८९,२२४ ने गुणले की तूट १,३०८.९१ कोटी. ही तूट कंपनीचे उत्पन्न धरायची. अधिकारी एवढ्यावर थांबला नाही. ही न आलेली रक्कम भारतीय कंपनीने मॉरिशसच्या मालकाला जणू उसनी दिली आहे असे मानून त्याने तिच्यावर १३.५ टक्के दराने व्याज लावले आणि ते ८८.३५ कोटीही उत्पन्नात टाकले. हिशेबात चूक नाही. तुटीचा गुणाकार करून पाहा, जुळतो. आलेल्या पैशाच्या पाचपटीहून जास्त न आलेला पैसा, आणि त्या न आलेल्या पैशावर न मिळालेले व्याज, असा हा मनोरा.

आता हे ट्रान्स्फर प्रायसिंग म्हणजे काय ते थोडक्यात. एकाच घराण्यातल्या दोन कंपन्या, एक इथली आणि एक बाहेरची, आपसात माल किंवा सेवा विकतात तेव्हा भाव त्या स्वतःच ठरवतात. भाव कमी लावला की इथला नफा कमी दिसतो आणि तिकडे, जिथे कर कमी असतो, तिथे तो उगवतो. हे रोखायला २००१ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्याच्या दहाव्या प्रकरणात नवी कलमे घातली. ती १ एप्रिल २००२ पासून लागू झाली. नात्यात नसलेल्या दोघांत जो भाव ठरला असता, त्याला आर्म्स लेंग्थ किंमत म्हणतात. खाते त्या भावाने हिशेब करते. हिंजवडीत परदेशी कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे एखादे युनिट खर्चावर अमुक टक्के जोडून बिल लावते. टीपीओ म्हणतो हे टक्के कमी आहेत, तुलनेला घेतलेल्या इतर कंपन्या बघा. मग त्या तुलनेच्या कंपन्यांच्या यादीवर लढाई होते. इन्फोसिससारख्या अवाढव्य कंपनीशी लहान युनिटची तुलना चालेल का, हा वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ट्रान्स्फर प्रायसिंगमधले बहुतेक वाद असेच असतात: यादीतून कोणाला काढायचे, कोणाला ठेवायचे, टक्का कोणता धरायचा.

व्होडाफोनचा वादही त्याच वाटेने जाऊ शकला असता. ८,५१९ बरोबर की ५३,७७५, यावर मूल्यांकनतज्ज्ञांचे अहवाल, प्रतिअहवाल, न्यायाधिकरण, पुन्हा उच्च न्यायालय, अशी दहा वर्षे सहज गेली असती. या निकालाआधी एक फेरी झालीच होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने तंटा निवारण समितीला सांगितले होते की आधी अधिकारक्षेत्राचा प्रश्न, म्हणजे अशा व्यवहारावर खात्याला कर लावता येतो का, ते ठरवा. समितीने फेब्रुवारी २०१४ मध्ये खात्याची बाजू उचलून धरली आणि प्रकरण पुन्हा न्यायालयात आले. म्हणजे न्यायालयासमोर प्रश्न आला तो किमतीचा नाही, किमतीच्या आधीचा.

निकालाचा पूर्वार्ध शांत आहे, आणि मला वाटते तिथेच त्याची ताकद आहे. घटना, तारखा, मग दोन्ही बाजूंचे म्हणणे. खात्याचे म्हणणे न्यायालयाने कुठेही पातळ केलेले नाही. हरणाऱ्या पक्षाचा युक्तिवाद दुबळा करून मांडायचा आणि मग सहज मोडायचा, ही सवय आपल्याकडच्या लेखनात खूप आहे, समीक्षेत तर विशेष. इथे खाते पूर्ण उंचीने उभे राहते. दहावे प्रकरण ही स्वतंत्र, स्वयंपूर्ण संहिता आहे, असे ते म्हणते. २०१२ मध्ये संसदेने कलम ९२बी ला स्पष्टीकरण जोडले आणि ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’ या व्याख्येत भांडवल उभारणीचा समावेश २००२ पासून केला, याकडे बोट दाखवते. कंपनीने आपल्या मालकाला स्वस्तात शेअर देऊन लाभ पोचवला, असे म्हणते. आणि शेवटी म्हणते की हे १,३०८ कोटी आले असते तर कंपनीने ते गुंतवले असते, त्यातून उत्पन्न झाले असते. हे सगळे वाचताना क्षणभर वाटते, खाते बरोबर आहे की काय. तसे वाटले नाही तर पुढची पाने वाचण्यात मजा नाही.

मग वळण येते, आणि ते कलम ९२ च्या पहिल्या पोटकलमावर येते. पोटकलम एका वाक्याचे आहे. आंतरराष्ट्रीय व्यवहारातून निर्माण होणारे उत्पन्न आर्म्स लेंग्थ किंमत लक्षात घेऊन मोजावे, असा त्याचा आशय. खाते हे वाक्य शेवटाकडून वाचत होते: आधी आर्म्स लेंग्थ किंमत काढा, मग ती व्यवहाराच्या किमतीशी ताडा, फरक पडला की ते उत्पन्न. न्यायालय तेच वाक्य सुरुवातीपासून वाचते: आधी उत्पन्न दाखवा, मग ते कसे मोजायचे ते पाहू. मोजमापाची पट्टी आहे म्हणून मोजायची वस्तूही असलीच पाहिजे, असे होत नाही. शेअरच्या बदल्यात कंपनीकडे आलेला पैसा हे भांडवल, उत्पन्न नव्हे. आणि आलेले २४६ कोटी जर उत्पन्न नसतील तर न आलेले १,३०८ कोटी उत्पन्न कसे? निकालातला हा टप्पा मला सर्वांत देखणा वाटतो, कारण इथे कोणताही मोठा शब्द नाही, संतापही नाही. फक्त वाक्य जसे आहे तसे वाचले आहे.

इथे घरच्या व्यवहारातला एक दाखला घ्यावासा वाटतो. पुण्यात भावाने भावाला फ्लॅट निम्म्या भावात विकला, तरी मुद्रांक शुल्क रेडी रेकनरच्या किमतीवरच भरावे लागते. कुणी कुरकुर करतो, पण वाद घालत नाही; कारण मुद्रांक कायद्यातच लिहिले आहे की ठरलेली किंमत आणि बाजारमूल्य यांत जे जास्त असेल त्यावर शुल्क. म्हणजे काल्पनिक किमतीवर आकारणी करायला कायद्याला मज्जाव नाही. त्याने ते तसे सांगायला मात्र हवे. व्होडाफोनच्या खटल्यात खात्याला हवे असलेले असे वाक्य प्राप्तिकर कायद्यात नव्हते.

खात्याचा पुढचा मुद्दा असा की दहावे प्रकरणच आकारणी करते. न्यायालय हे मान्य करत नाही. प्राप्तिकर कायद्यात कर लावणारी कलमे निराळी आहेत: पगार, घरभाडे, धंदा, भांडवली नफा, इतर उत्पन्न. दहावे प्रकरण त्या कलमांत बसणाऱ्या उत्पन्नाचे मोजमाप करते. ते स्वतः काही पकडत नाही. संविधानाचे कलम २६५ सांगते की कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येणार नाही, आणि मोजमापाच्या कलमातून आकारणीचा आधार काढणे म्हणजे त्या कलमाला वळसा घालणे. भांडवल उभारणी आता ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’ झाली, हे न्यायालय मान्य करून टाकते. तिथेही भांडत नाही. पण व्यवहार आंतरराष्ट्रीय आहे एवढ्याने तो उत्पन्नाचा ठरत नाही. कर्ज घेतले तर व्याज द्यावे लागते, ते व्याज फुगवलेले असू शकते, तिथे हे स्पष्टीकरण चालते. शेअर दिल्याने असे काहीच घडत नाही.

‘लाभ पोचवला’ या मुद्द्यासाठी खात्याने कलम ९२ च्या दुसऱ्या पोटकलमाचा आधार घेतला होता. ते पोटकलम खर्च वाटून घेण्याबद्दल आहे. एका कंपनीने संशोधन केले, फायदा घराण्यातल्या चार कंपन्यांना झाला, तर खर्च चौघींत कसा वाटायचा, यासाठी ते. इथे वाटायला खर्चच नाही. न्यायालय हे मोजक्या ओळींत सांगून पुढे जाते. मला हा संयम आवडतो. इतक्या मोठ्या रकमेच्या प्रकरणात इतका छोटा परिच्छेद लिहायला आत्मविश्वास लागतो. आणि ‘गुंतवले असते तर’ या युक्तिवादाला उत्तर आहे की ही निव्वळ अटकळ आहे. खरे पाहता या युक्तिवादाला सीमाच नाही. कमी व्याजाच्या ठेवीत पैसे ठेवणाऱ्या प्रत्येकाला उद्या खाते विचारू शकले असते, जास्त व्याज का घेतले नाही?

निकालातला एक तपशील मात्र जरा खोडकर आहे, आणि न्यायालयाने तो गंभीर चेहऱ्याने सांगितला आहे. २०१२ मध्ये संसदेने कायद्यात एक तरतूद घातली होती: खासगी कंपनीने भारतातल्या माणसाकडून शेअरच्या वाजवी किमतीपेक्षा जास्त प्रीमियम घेतला, तर ती जादा रक्कम उत्पन्न. पुढे स्टार्टअपवाल्यांनी हिलाच एंजल टॅक्स म्हणून नावे ठेवली, आणि २०२४ च्या वित्त कायद्याने ती गुंडाळली. म्हणजे कायद्याने जास्त प्रीमियमवर कर लावला होता, तोही फक्त देशी गुंतवणूकदाराच्या. व्होडाफोनच्या बाबतीत खाते कमी प्रीमियमवर कर मागत होते, तोही परदेशी गुंतवणूकदाराच्या. प्रीमियमवर कर कसा लावायचा ते कायद्याला माहीत होते. त्याने तो उलट्या बाजूने लावला, एवढेच.

या निकालाला एक जुना मुंबईकर सखा आहे, आणि तो आठवल्याशिवाय रसग्रहण पुरे होत नाही. ‘माझगाव डॉक विरुद्ध प्राप्तिकर आयुक्त’, सर्वोच्च न्यायालय, १९५८. माझगावची गोदी तेव्हा सरकारी नव्हती. सरकारने ती १९६० मध्ये घेतली. त्याआधी तिची सगळी मालकी पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या दोन ब्रिटिश जहाज कंपन्यांकडे होती. गोदीत या मालकांची जहाजे दुरुस्त होत, आणि दुरुस्तीचा फक्त खर्च घेतला जाई, नफा शून्य. खात्याने न घेतलेल्या नफ्यावर कर लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो योग्य ठरवला. वरवर पाहता व्होडाफोनच्या निकालाच्या अगदी विरुद्ध. पण १९२२ च्या कायद्याचे कलम ४२ (२) वाचले की कोडे सुटते. परदेशी मालकाशी असलेल्या घट्ट नात्यामुळे धंद्याची रचना नफा होऊ नये अशी केली असेल, तर जो नफा झाला असे रास्तपणे मानता येईल त्यावर कर आकारावा, असे ते कलमच म्हणत होते. मानलेल्या नफ्यावर आकारणी करायची, हे तिथे शब्दांत होते. शिवाय जहाज दुरुस्त करणे हा धंदा आहे. त्यात नफा असायलाच हवा होता, तो फक्त घेतला नव्हता. शेअर देणे हा धंदा नाही. दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की दोन्ही बरोबर वाटतात, आणि व्होडाफोनच्या निकालाची धार जास्त कळते.

उणीव काय? निकाल स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतो. ‘उत्पन्न नाही’ हा निष्कर्ष इतक्या वेळा येतो की उत्तरार्ध सैल पडतो. चांगल्या संपादकाने एक पंचमांश मजकूर सहज कापला असता. दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. या व्यवहारात भारताचे नुकसान नेमके कुठे झाले, हा साधा प्रश्न निकाल कुठेही स्वच्छ विचारत नाही. मॉरिशसची कंपनी आधीच सगळ्याची मालक होती. तिला शेअर ८,५१९ ला दिले काय किंवा ५३,७७५ ला दिले काय, ती शंभर टक्क्यांचीच मालक राहणार. कोणाच्या हिश्शातून काही निसटले नाही, इथला नफाही तिकडे गेला नाही. फरक पडला असता तो एवढाच की आणखी १,३०८ कोटी परकीय भांडवल भारतात आले असते. ती काळजी असायचीच तर परकीय चलनाच्या नियमांची, आणि त्यांची किमान किंमत कंपनीने पाळली होती. हे चार ओळींत सांगता आले असते तर कायद्याशी ज्याचा संबंध नाही अशा वाचकालाही निकाल पटला असता. न्यायालयाने ते टाळले, कारण कदाचित त्याला अर्थशास्त्र सांगायचे नव्हते, फक्त कलम वाचायचे होते. भूमिका म्हणून मला ती मान्य आहे; वाचक म्हणून मी उपाशी राहिलो.

खात्याच्या अधिकाऱ्यालाही सरसकट वेड्यात काढणे बरे नाही. २०१२ च्या स्पष्टीकरणात भांडवल उभारणी हे शब्द छापलेले होते. ते वाचून कुणालाही वाटले असते की संसदेला काहीतरी पकडायचे आहे. व्याख्या रुंद केली आणि आकारणीचे कलम तसेच ठेवले, हा घोळ मसुदा लिहिणाऱ्यांचा. त्याची किंमत वकिलांच्या फीमध्ये चुकती झाली. कमी पडलेल्या रकमेला कर्ज मानून व्याज लावण्याची जी कल्पना २०१३ मध्ये कोणत्याही कलमाशिवाय लढवली गेली, ती संसदेने २०१७ मध्ये कलम ९२सीई घालून रीतसर आणली. अर्थात ज्या वाढीव रकमेने उत्पन्न वाढते तिच्यापुरतीच. आधी कलम, मग वसुली. न्यायालयाला हाच क्रम हवा होता.

पुढे काय झाले ते लवकर सांगून टाकतो. सव्वा महिन्याने, १८ नोव्हेंबर २०१४ ला, याच उच्च न्यायालयाने शेल इंडियाच्या प्रकरणात हाच न्याय लावला. तिथे शेअर दर्शनी किमतीला, १० रुपयांना दिले होते आणि खात्याने धरलेली वाढ सुमारे १५,००० कोटींची होती. २८ जानेवारी २०१५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने व्होडाफोनचा निकाल मान्य करायचे आणि सर्वोच्च न्यायालयात न जायचे ठरवले. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने सूचना क्रमांक २/२०१५ काढून देशभरच्या अधिकाऱ्यांना हा निकाल पाळायला सांगितले. एवढ्या मोठ्या हरलेल्या खटल्यात सरकारने अपील न करणे आपल्याकडे क्वचितच घडते.

मूळ निकाल वाचायचा असेल तर रिट याचिका क्रमांक ८७१, साल २०१४, अशी खूण धरून शोधा. घटनाक्रमाची पाने चाळली तरी चालतील. खात्याचा युक्तिवाद मात्र सावकाश वाचा, कलम ९२ समोर ठेवा, आणि न्यायालयाचे उत्तर वाचण्याआधी स्वतः एकदा ठरवा की तुम्ही कोणाच्या बाजूने निकाल दिला असता.